ढगाला भोक कुणी पाडलं?

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर दुपार कलली होती. आभाळ भरून आलेलं, ढगांचं छत जमिनीपासून जेमतेम १९०० फुटांवर. सी-१७ गेटवर युनायटेड एअरलाइन्सचं शार्लटला जाणारं ४४६ क्रमांकाचं विमान मागे ढकलून वाटेला लावायचं काम चाललं होतं. सव्वाचारच्या सुमाराला त्या कामावरच्या एका माणसाची नजर सहज वर गेली. गेटच्या डोक्यावर, ढगांच्या पोटाखाली, गडद करड्या रंगाची एक गोल चकती उभी होती. दिवा नाही, आवाज नाही, हालचाल नाही. त्याने ते विमानाच्या चालकांना कळवलं. मग बातमी वायरलेसवरून इकडून तिकडे गेली आणि माणसं बाहेर येऊन माना वर करून बघू लागली.

बघणारे डझनभर होते. त्यांत विमानाचे मेकॅनिक होते, वैमानिक होते, सुपरवायझर होते. चकती काही मिनिटं तिथेच राहिली. मग सरळ वर, कुणी म्हणालं डोळ्यांना धड पकडता येऊ नये इतक्या वेगाने, ढगात घुसली. ती घुसली त्या जागी ढगाला गोल भोक पडलं, त्यातून वरचं निळं आकाश दिसलं. थोड्या वेळाने भोक बुजलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. शार्लटचं विमानही गेलं.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, असं आपल्याकडे हताश माणूस म्हणतो. ओ'हेअरवरचं आभाळ फाटलं आणि आपोआप शिवलंही गेलं. राहिला तो फक्त प्रश्न.

उडत्या तबकड्यांच्या गोष्टी म्हटलं की ओसाड हमरस्ता, मध्यरात्र आणि एकटा ट्रकवाला डोळ्यांसमोर येतो. इथे तसलं काही नव्हतं. वेळ दिवसाउजेडीची, जागा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, आणि बघणारे असे की आकाशातल्या वस्तूंकडे बघण्यातच ज्यांची नोकरीची वर्षं गेली. म्हणून हे प्रकरण नीट तपासण्याजोगं आहे. त्याची तपासणी फार मजेशीर वळणांनी गेली हे दुसरं कारण.

त्या दिवशी साडेचारच्या आसपास युनायटेडच्या एका सुपरवायझरबाईंनी नियंत्रण मनोऱ्यात फोन केला. सी-१७ जवळ उडती तबकडी दिसली का तुम्हाला, असं त्यांनी विचारलं. पलीकडे हशा पिकला. सुट्टीची पार्टी यंदा लवकर सुरू केलीत की काय, अशा अर्थाचा टोमणाही आला. हा सगळा संवाद टेपवर आहे. मनोऱ्यातल्या कुणाला काही दिसलं नव्हतं, रडारवरही काही नव्हतं. पुढे विचारणा झाली तेव्हा कंपनीने आणि अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने, म्हणजे फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, आपल्याला यातलं काही ठाऊक नसल्याचं आधी सांगितलं. 'शिकागो ट्रिब्यून'चे वाहतूक वार्ताहर जॉन हिल्केविच यांनी माहितीच्या अधिकाराच्या तिथल्या कायद्याखाली अर्ज टाकला, टेप शोधायची वेळ आली आणि फोन आला होता हे प्रशासनाला कबूल करावं लागलं. १ जानेवारी २००७ ला बातमी छापून आली. 'ट्रिब्यून'च्या संकेतस्थळावर ती दहा लाखांहून जास्त वेळा उघडली गेली. तोवर तिथल्या कुठल्याच बातमीच्या वाट्याला असा वाचकवर्ग आला नव्हता.

प्रशासनाचं म्हणणं असं होतं की हा हवामानाचा प्रकार. ढग खाली उतरलेले होते, विमानतळावर दिवे भरपूर. दिव्यांचा झोत ढगांवर पडला की काहीबाही दिसतं. त्यामुळे पुढची चौकशी नाही.

उत्तर ऐकायला समजूतदार वाटतं. पण त्याला एक साधी कसोटी लावता येते, तीही पंचांगाच्या मदतीने. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिकागोचा सूर्य साडेचारनंतर, साधारण चार वाजून अडतीस मिनिटांनी मावळतो. सव्वाचारला तो क्षितिजाच्या वर होता. ढगाळ असलं तरी उजेड होता आणि अशा उजेडात दिव्याचा झोत ढगाच्या पोटावर उठून दिसणं कठीण. शिवाय झोत पडला तर तिथे उजळ ठिपका दिसेल. लोकांनी पाहिलं ते गडद होतं. म्हणजे अधिकृत स्पष्टीकरण वेळेच्या पहिल्याच प्रश्नावर अडखळलं. 'हवामानाचा प्रकार' हे शब्द एखाद्या दुखण्याला डॉक्टरने नुसतं 'व्हायरल' म्हणावं तसे वापरले गेले होते.

दुसरं स्पष्टीकरण मात्र हुशारीचं होतं. शिकागोच्याच ॲडलर तारांगणातले खगोलशास्त्रज्ञ मार्क हॅमरग्रेन यांनी सुचवलं की लोकांनी 'होल-पंच क्लाउड' पाहिला असावा. कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडावं तसं गोल, स्वच्छ भोक ढगांच्या थरात खरोखरच पडतं आणि तेही विमानतळांच्या आसपास. चकतीचं कोडं बाजूला ठेवलं तरी निदान भोकाचं उत्तर यातून मिळणार होतं.

हे भोक कसं पडतं ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. पाणी शून्य अंशाला गोठतं, हे शाळेत पाठ केलेलं वाक्य अर्धंच खरं आहे. ढगातले थेंब इतके बारीक आणि इतके शुद्ध असतात की शून्याखाली दहा, वीस, कधी तीस अंशांपर्यंतही ते पातळच राहतात. गोठायला सुरुवात करून देणारा कण त्यांना मिळालेला नसतो. अशा पाण्याला अतिशीत म्हणतात. विरजणाशिवाय दूध नुसतं ठेवलं तर दही लागत नाही, तसंच काहीसं. उणे चाळीसच्या आसपास मात्र विरजण लागत नाही. थेंब आपले आपण गोठतात.

१९४६ च्या उन्हाळ्यात जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर एका घरगुती डीप फ्रीझरशी खेळत होते. आतून काळं मखमली कापड लावलेलं, त्यात श्वास सोडायचा, श्वासाच्या वाफेचा इवलासा ढग तयार करायचा आणि तो गोठतो का ते दिव्याच्या झोतात बघायचं. माती, मीठ, भुकट्या, हाताला लागेल ते टाकून झालं, ढग काही गोठेना. जुलैतल्या एका उकाड्याच्या दिवशी फ्रीझर पुरेसा गार होईना म्हणून त्यांनी त्यात सुक्या बर्फाचा, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा टाकला. क्षणात आतल्या ढगात लाखो बर्फकण चमकू लागले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला शेफर यांनी विमानातून खऱ्या ढगावर सुका बर्फ टाकला. पुढच्या दोन-तीन वर्षांत तर शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिशीत ढगांच्या सपाट थरांतून लंबगोल शर्यतीच्या मैदानासारखे आकार कोरून दाखवले, त्यांचे फोटो काढले. आपल्याकडे २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून उडालेल्या विमानांनी कृत्रिम पावसासाठी ढगांत जी फवारणी केली, तिचं कूळ याच फ्रीझरपर्यंत जातं.

बर्फकण आला की ढगाला भोक का पडावं? याचं उत्तर एका स्वीडिश माणसाला जंगलात फिरताना सुचलं. टॉर बर्गेरॉन १९२२ च्या फेब्रुवारीत ऑस्लोजवळच्या वोक्सेनकोलेन या टेकडीवर विश्रांतीला गेला होता. रोजची पायवाट फरच्या झाडांतून जायची आणि टेकडीवर बऱ्याचदा धुकं असायचं. त्याच्या लक्षात आलं की हवा शून्याच्या वर असली की धुकं थेट वाटेपर्यंत उतरतं. कडक थंडी असली, झाडांवर हिमतुषार चढलेलं असलं, की तेच धुकं झाडांच्या वरच्या फांद्यांशी थांबतं आणि वाट मोकळी राहते. फांद्यांवरचं बर्फ धुकं खात होतं. त्याचं कारण असं की बर्फाच्या पृष्ठभागाला बाष्प धरून ठेवायला पाण्याहून कमी दाब पुरतो. उणे १५ अंशांना जी हवा पाण्याच्या हिशेबाने नेमकी भरलेली असते, ती बर्फाच्या हिशेबाने सुमारे १६ टक्के जास्त भरलेली ठरते. जास्तीचं बाष्प बर्फावर बसतं, हवा कोरडी होते, शेजारचे थेंब विरतात, त्यांचं बाष्प पुन्हा बर्फावर. थेंबांच्या जिवावर बर्फकण पोसले जातात, जड होतात आणि खाली पडतात. ही कल्पना याआधी १९११ मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी मांडली होती. भूखंड सरकतात असं सांगून पुढे ज्यांनी हसू ओढवून घेतलं, तेच हे वेगेनर.

आता फांदीच्या जागी विमान आणा. विमानाच्या पंखावरून किंवा पंख्याच्या पात्याच्या टोकावरून हवा वेगाने जाताना एकदम पसरते आणि पसरणारी हवा थंड होते. ही घट वीस अंशांच्या घरात जाते, पात्यांच्या टोकांशी त्याहूनही जास्त. ढगाचं तापमान आधीच उणे वीसच्या आसपास असेल तर तेवढ्यापुरतं ते उणे चाळीसपर्यंत कोसळतं, थेंब विरजणाशिवाय गोठतात आणि विमान आपल्या मागे बर्फकणांची रेघ सोडून पुढे निघून जातं. वैमानिकाला पत्ताही नसतो. मग रेघेच्या दोन्ही बाजूंचे थेंब विरायला लागतात. विमान ढगातून चढत किंवा उतरत गेलं असेल तर गोल भोक, आडवं कापत गेलं असेल तर लांबलचक चर. गोठताना पाणी उष्णता सोडतं, त्यामुळे मधली हवा वर उचलली जाते आणि कडेची खाली दबते. खाली दबणारी हवा तापून कडेचे थेंब खाते आणि भोक रुंदावत जातं, तासाभराहूनही जास्त. मधोमध बर्फाचा एक पिसारा लोंबत राहतो. जमिनीवरून ते दृश्य असं दिसतं की आकाशाने डोळा उघडलाय आणि त्यातून पापणीचे केस खाली सुटलेत.

बोल्डरच्या नॅशनल सेंटर फॉर ॲटमॉस्फेरिक रिसर्चमधले अँड्र्यू हेम्सफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी हे २०१० आणि २०११ मध्ये पुराव्यानिशी सिद्ध केलं. डिसेंबर २००७ मध्ये त्यांचं संशोधनाचं विमान डेन्व्हर विमानतळाजवळ बर्फाच्या एका चमत्कारिक अरुंद पट्ट्यातून गेलं. मागाहून नोंदी चाळल्यावर कळलं की थोड्या वेळापूर्वी पंख्याची विमानं त्या ढगातून गेली होती. त्यांचा दुसरा पुरावा उपग्रहाचा होता. २९ जानेवारी २००७ ला टेक्सास आणि भोवतालच्या राज्यांवरच्या ढगांच्या थरात भोकंच भोकं, चरच चर पडलेले दिसत होते. गहू चाळायची चाळण उलटी धरावी तसं ते चित्र आहे. तारीख बघण्यासारखी आहे: 'ट्रिब्यून'ची बातमी येऊन चार आठवडे झाले होते. अमेरिका एका भोकाची चर्चा करत होती आणि डझनावारी भोकं डोक्यावरून जात होती.

अशा भोकांना बघून लोकांची दातखीळ बसते हेही खरं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात वोन्थागी गावाजवळ ३ नोव्हेंबर २०१४ ला असं भोक पडलं, त्यातल्या बर्फकणांनी सूर्यकिरण फोडले आणि भोकाच्या मधोमध इंद्रधनुष्याचे रंग पसरले. फोटो जगभर फिरले आणि परग्रहवासीयांचा विषय निघाल्यावाचून राहिला नाही. चंद्राला खळं पडलं की आपल्याकडची म्हातारी माणसं पावसाचा अंदाज बांधत. ते खळंही अशाच उंचावरच्या बर्फकणांनी प्रकाश वळवल्यामुळे पडतं.

इतकं सगळं जुळत आलं की हात झटकून उठायचा मोह होतो. विमानतळ आहे, ढगांचा थर आहे, गोल भोक आहे, झालं काम. विज्ञानाची बाजू घेणारे पुष्कळ लेख ओ'हेअरच्या बाबतीत इथेच थांबतात. पण दिव्यांच्या झोताला जी कसोटी लावली तीच या देखण्या उत्तरालाही लावायला हवी.

त्या दुपारी विमानतळावर तापमान होतं ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास १२ अंश सेल्सिअस. महाबळेश्वरच्या हिवाळी पहाटेसारखी हवा. वर जावं तशी हवा थंड होते, पण किती? कोरडी हवा चढताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश, दमट हवा त्याहून कमी. १९०० फूट म्हणजे ५८० मीटर. कोरड्या हवेचा कमाल दर धरला तरी घट सहा अंशांची. बारातून सहा गेले, उरले सहा. म्हणजे ढगाचं पोट शून्याच्या चांगलं वर होतं. तिथे अतिशीत पाणी असूच शकत नाही आणि अतिशीत पाणी नाही तर विमान कितीही वेळा आरपार गेलं तरी हे भोक पडणार नाही. हॅमरग्रेन यांच्या कल्पनेवर हा आक्षेप कुणी घेतला? हवाई क्षेत्रातल्या अनोळखी घटनांचा अभ्यास करणाऱ्या 'नारकॅप' या खासगी संस्थेने, आपल्या दीडशेहून जास्त पानांच्या अहवालात. ही मंडळी तबकड्यांकडे सहानुभूतीने बघणारी आहेत, त्यांचे बाकीचे निष्कर्ष पटोत न पटोत. पण तापमानाचा मुद्दा बिनतोड आहे. गणिताला कुणाची बाजू नसते.

मग भोक वरच्या, थंड थरात पडलं असेल का? असे थर साधारण सहा-सात किलोमीटरवर असतात. पण १९०० फुटांवर छत घातलेलं असताना त्याच्या वरचं दिसणार कसं?

आकाराचाही मेळ बसत नाही. बघणाऱ्यांनी चकतीचा व्यास ६ पासून २४ फुटांपर्यंत सांगितला. १९०० फुटांवरची २४ फुटांची वस्तू डोळ्याशी पाऊण अंशाहून थोडा कमी कोन करते. हात ताठ पुढे धरून करंगळीचं नख बघा. ते साधारण एक अंशाचं असतं. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. म्हणजे दिसलेली चकती चंद्राहून जरा मोठी, नखाहून लहान. उलट सहा किलोमीटरवरचं किलोमीटरभर रुंदीचं भोक डोक्यावर आलं तर साडेनऊ अंशांचं दिसेल, म्हणजे ताठ हातापुढची अख्खी मूठ. नखाएवढं काही आणि मुठीएवढं काही यांत गल्लत व्हायला मद्य लागतं. आणखी एक गोष्ट: असलं भोक रुंदावत जातं, तास-तास टिकतं. ओ'हेअरचं भोक मिनिटांत मिटलं.

या हिशेबातला '२४ फूट' हा आकडा मात्र सावधपणे घ्यायचा. अनोळखी वस्तू किती लांब आहे हे माहीत नसेल तर ती किती मोठी हे सांगताच येत नाही. डोळा फक्त कोन मोजतो. वस्तू ढगाला चिकटून आहे असं गृहीत धरलं म्हणून २४ फूट. ती दोनशे फुटांवर असती तर तोच कोन अडीच फुटांच्या वस्तूनेही झाला असता आणि अडीच फूट म्हटलं की फुगे आणि पक्षी मैदानात येतात. वीस वर्षं विमानं दुरुस्त करणाऱ्या माणसाचा डोळाही याला अपवाद नाही. त्याला विमानाचा आकार ठाऊक असतो म्हणून तो अंतर सांगतो. चकतीचा आकार ठाऊक नसतो.

तर राहतं काय? जमिनीलगतच्या ढगांच्या चादरीला संध्याकाळी फटी पडतच असतात, हवेच्या साध्या वरखालीनेही. फट गोल दिसली, तिच्यातून निळं दिसलं, मिनिटभरात मिटली, यात अशक्य काही नाही. चकती आणि फट या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक नाहीशी झाली तेव्हाच दुसरी दिसली आणि मनाने दोहोंना कार्यकारणाच्या दोऱ्याने बांधलं, हेही शक्य आहे. पण हे 'शक्य आहे' एवढंच. चकतीचा खात्रीचा एकही फोटो नाही. २००६ मध्ये खिशातल्या फोनचे कॅमेरे यथातथाच होते. पहिल्या आयफोनची घोषणाच ९ जानेवारी २००७ ची. रडारवर काही नाही, प्रशासनाने चौकशी केली नाही, साक्षीदारांचे जबाब ताजे असताना एकमेकांपासून अलग नोंदवले गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चार जणांत बोललेली आठवण ही चौघांची मिळून एक आठवण होते. ओ'हेअरचं कोडं सुटलेलं नाही, कारण ते सोडवायला लागणारा माल वेळेवर गोळाच केला गेला नाही. त्यावरून परग्रहवासी सिद्ध होत नाहीत. आणि 'होल-पंच' हे उत्तरही बरोबर ठरत नाही.

घाईच्या नैसर्गिक उत्तराने किती नुकसान होतं याचा धडा अमेरिकेने चाळीस वर्षं आधीच घेतला होता, आणि तोही शिकागोच्या परिसरातल्याच एका माणसाकडून. जे. ॲलन हायनेक हे शिकागोला लागून असलेल्या एव्हन्स्टनच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवत आणि तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'चे सल्लागार होते. मार्च १९६६ मध्ये मिशिगन राज्यात डेक्स्टर आणि हिल्सडेल इथे लागोपाठच्या रात्री पाणथळ जागांवर उजेड दिसले. हिल्सडेलला तर कॉलेजच्या वसतिगृहातल्या ऐंशीहून जास्त मुली साक्षीदार. वर्तमानपत्रं पेटलेली, हवाई दलाला लगेच उत्तर हवं. २५ मार्चला डेट्रॉइटला पत्रकार परिषदेत हायनेक यांनी या दोन ठिकाणांपुरती एक शक्यता सांगितली: दलदलीत कुजणाऱ्या पालापाचोळ्याचा वायू पेटला असावा. दुसऱ्या दिवशी मथळ्यांत 'शक्यता' उरली नाही, फक्त 'दलदलीचा वायू' उरला. व्यंगचित्रकारांनी महिनाभर त्यावर पोट भरलं. कोकणात रात्री मळ्यात उजेड हलला की देवचाराचं नाव घ्यायचे. कुणी शहरी पाहुण्याने तिथे 'मिथेन' म्हटलं असतं तर त्याच्याकडे जसं बघितलं असतं, तसं मिशिगनने हायनेककडे बघितलं. तिथले खासदार जेरल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले, यांनी संसदीय सुनावणीची मागणी केली. सुनावणी झाली, त्यातून कोलोराडो विद्यापीठात एडवर्ड काँडन यांच्या हाताखाली स्वतंत्र अभ्यास बसला आणि त्याच्या अहवालानंतर १९६९ च्या अखेरीस 'ब्लू बुक'चं दप्तर बंद झालं. त्या दप्तरात १२,६१८ नोंदी होत्या. ७०१ पुढे 'ओळख पटली नाही' असा शेरा. हायनेक मात्र उलट्या दिशेला गेले. १९७३ मध्ये त्यांनी तबकड्यांच्या अभ्यासाची स्वतःची संस्था काढली.

दुसरीकडे, चिकाटीने केलेलं काम कसं दिसतं ते लडाखमध्ये बघायला मिळालं. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात तिथल्या एका सरोवराच्या परिसरात भारतीय सैनिकांनी आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वस्तूंनी प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडल्याचं लिहिलं गेलं. चिनी ड्रोनचा संशय होता. सीमेवर हा विनोदाचा विषय नाही. पण लष्कराने हसण्यावारी नेलं नाही तसं घाबरून गोळीबारही केला नाही. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला बोलावलं. खगोलतज्ज्ञांना सैनिकांकडून हवं होतं ते एवढंच: वस्तू किती वाजता दिसली, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती उंचीवर. हे आकडे रोजच्या रोज मांडले तेव्हा चित्र उलगडलं. एक 'ड्रोन' होता शुक्र, दुसरा गुरू. गुरू रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतो. शत्रू इतका वक्तशीर नसतो. समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांवर हवा विरळ आणि कोरडी, म्हणून ग्रह मैदानातल्या माणसाने कधी पाहिले नसतील इतके तेजस्वी दिसतात.

इम्फाळला १९ नोव्हेंबर २०२३ ला असं काही जमलं नाही. दुपारी अडीचच्या सुमाराला विमानतळाजवळ काहीतरी उडताना दिसलं, हवाई क्षेत्र तीन तास बंद राहिलं, विमानं वळवली गेली, हवाई दलाची राफाल शोधाला गेली आणि हात हलवत परतली. तिथे मनोऱ्यात कुणी हसलं नाही, एवढा ओ'हेअरपेक्षा फरक.

ओ'हेअरवर त्या वर्षी दिवसाला अडीच हजारांहून जास्त विमानं चढत-उतरत होती. हिवाळ्यात, मधल्या उंचीवर अतिशीत ढगांचा पातळ थर असतो तेव्हा, अशाच विमानांपैकी एखादं त्यातून वर जातं आणि खरंखुरं, पुस्तकातलं भोक पाडून जातं. सी-१७ वरच्या माणसांना सामान चढवायचं असतं. मनोऱ्यात फोन करायला कुणाला सवड नसते. वारा ते भोक शिकागोजवळच्या सरोवराच्या बाजूला ढकलत नेतो, ते मुठीएवढं होतं, मधोमध पिसारा धरतं आणि त्यातला बारीक बर्फ कुठेतरी पलीकडच्या शेतांवर भुरभुरत राहतो.